लहान पाठाचे नियोजन आणि रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने शिकवू लागलेले शिक्षक आणि अध्यापनाचे प्रशिक्षणार्थी लहान पाठांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अडचणींचे आणि अपवादांचे. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या ठिकाणी लागतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लहान पाठ म्हणजे नेमका किती मिनिटांचा पाठ?

येथे दहा ते वीस मिनिटांच्या पाठाला लहान पाठ म्हटले आहे. मात्र पाठ लहान ठरतो तो घड्याळापेक्षा त्याच्या आवाक्यावरून. एक नवी गोष्ट समोर यावी, ती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावी आणि ती कोणाला आली व कोणाला आली नाही हे शिक्षकाला पाठ संपण्यापूर्वी कळावे, एवढे ज्यात बसते तो लहान पाठ. मोठ्या तासाच्या टाचणातील (पाठाच्या लेखी आराखड्यातील) वेळ निम्मी करून असा पाठ तयार होत नाही. तसे केल्यास मुद्दे सगळे राहतात, बोलण्याचा वेग वाढतो आणि विद्यार्थ्यांच्या सरावाचा भाग तेवढा गळतो. म्हणजे जे ठेवायचे तेच नेमके जाते.

२. सूक्ष्म अध्यापन आणि लहान पाठ या एकच गोष्टी आहेत का?

नाही. सूक्ष्म अध्यापन हा शिक्षकाच्या सरावाचा प्रकार आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. त्यात प्रश्न विचारणे, उदाहरण देणे किंवा फलकलेखन यांसारखे एकच अध्यापन कौशल्य घेऊन पाच-सहा मिनिटे मोजक्या विद्यार्थ्यांपुढे शिकवायचे, प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय) घ्यायचे, पाठाची पुनर्रचना करायची आणि तो पुन्हा शिकवायचा, असे चक्र असते. तेथे सुधारणा व्हायची असते ती शिक्षकाच्या कौशल्यात. लहान पाठात संपूर्ण वर्ग असतो, सगळी कौशल्ये एकत्र लागतात आणि शिकायचे असते विद्यार्थ्यांनी. सूक्ष्म पाठ उत्तम झालेल्या प्रशिक्षणार्थीचा पहिला लहान पाठ कोलमडतो, याचे कारण बहुधा हेच असते. कौशल्ये सुटी सुटी आलेली असतात, पण त्यांची एकमेकांशी सांधणी झालेली नसते.

३. नियोजनाची सुरुवात कोठून करावी? मी नेहमी प्रस्तावनेपासून लिहायला बसतो आणि तेथेच अडकतो.

सुरुवात शेवटापासून करावी. पाठाच्या अखेरच्या तीन मिनिटांत विद्यार्थी काय सोडवतील, लिहितील किंवा करून दाखवतील, ते आधी ठरवावे. तो शेवटचा प्रश्न शब्दशः कागदावर लिहावा, आणि शक्य असल्यास त्याचे अपेक्षित उत्तर विद्यार्थ्यांच्या भाषेत स्वतः लिहून पाहावे. मग त्या उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी विद्यार्थ्याला आधी काय करून पाहावे लागेल, त्याआधी काय दिसावे लागेल आणि त्याही आधी काय माहीत असावे लागेल, अशा पायऱ्या उलट्या उतरत जावे. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. तोवर ती कशाची प्रस्तावना आहे हे निश्चित झालेले असते, आणि अडकण्याचे कारण राहत नाही.

अशा उलट दिशेने केलेल्या नियोजनाची मांडणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी सविस्तर केली. त्यांचा विचार प्रामुख्याने संपूर्ण घटकाच्या (अनेक पाठांच्या विषयभागाच्या) नियोजनाचा होता. माझ्या मते पंधरा मिनिटांच्या पाठाला या रीतीची गरज अधिक आहे, कारण भरकटल्यावर परत येण्याइतका वेळ त्यात नसतोच.

४. ‘विद्यार्थ्यांना संकल्पना समजेल’ असे उद्दिष्ट लिहिले, तर त्यावर लाल रेघ का ओढली जाते?

समजणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. उद्दिष्टाच्या वाक्यातील क्रियापद असे असावे की, ती क्रिया घडली की नाही हे वर्गात उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यक्तीलाही सांगता येईल: ओळखतो, वर्गीकरण करतो, कारण सांगतो, आकृती काढतो, चूक दुरुस्त करतो, स्वतःचे उदाहरण देतो. टाचणात उद्दिष्टाखाली ‘स्पष्टीकरणे’ लिहायला सांगतात ती याचसाठी. आकलन हे उद्दिष्ट असेल, तर तुलना करणे किंवा स्वतःच्या शब्दांत सांगणे ही त्याची दिसणारी खूण होय.

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन ही उतरंड बहुतेकांना पाठ असते. २००१ मध्ये लोरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांनी तिची सुधारित मांडणी केली. त्या मांडणीत नामांच्या जागी क्रिया आल्या आणि निर्मिती सर्वांत वर गेली. या यादीचा उपयोग क्रियापद निवडण्यापुरता करावा. एकाच लहान पाठात सहाही पातळ्यांची उद्दिष्टे लिहिलेली टाचणे मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांतील पाच पातळ्या कागदावरच राहतात. लहान पाठाला एक उद्दिष्ट पुरते, फार तर दोन.

५. एका लहान पाठात किती मुद्दे घ्यावेत?

नवा मुद्दा एकच घ्यावा. माणसाच्या कार्यकारी स्मृतीची (ज्या गोष्टी एका वेळी मनात धरून विचार करता येतो, त्या स्मृतीची) क्षमता फार मर्यादित असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिच्यासाठी सातच्या आसपासची संख्या सुचवली होती, तर नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती सुमारे चारपर्यंत खाली आणली. नवी संज्ञा, तिची व्याख्या, समोरची आकृती आणि शिक्षकाने विचारलेला प्रश्न एवढ्यानेच ही जागा भरते. दुसरा मुद्दा आला की पहिला सांडतो.

व्यवहारात अडचण वेगळीच असते. आपला मुद्दा एकच आहे असे शिक्षकाला वाटते, पण त्यात तीन दडलेले असतात. ‘विशेषण’ हा एक मुद्दा दिसतो. प्रत्यक्षात वाक्यातील विशेषण ओळखणे, विशेषणाचे प्रकार सांगणे आणि विशेषण व क्रियाविशेषण यांतील फरक करणे हे तीन वेगळे पाठ आहेत. शेवटचा प्रश्न लिहून पाहिल्यावर (प्रश्न ३) हे लगेच लक्षात येते: तो एका प्रश्नात मावत नसेल, तर मुद्दे एकापेक्षा अधिक आहेत.

६. पंधरा मिनिटांची विभागणी कशी करावी? एखादे संपूर्ण उदाहरण मिळेल का?

अंश १ असलेल्या अपूर्णांकांची तुलना हा विषय घेऊ. येथील नेहमीची चूक ठरलेली आहे: ८ हा ४ पेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, असे अनेक विद्यार्थी मानतात. ही चूक ठाऊक असणे हाच नियोजनाचा अर्धा भाग होय. पाठ तिच्याभोवती बांधायचा आहे.

पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाला सारख्या लांबीची कागदाची पट्टी द्यावी आणि ‘१/४ मोठा की १/८?’ एवढेच फलकावर लिहावे. प्रत्येकाने पाटीवर किंवा वहीत उत्तर लिहून सर्वांनी एकदम वर धरावे. कोण बरोबर आणि कोण चूक, हे या वेळी सांगू नये. वर्गात दोन मते आहेत हे विद्यार्थ्यांना दिसले, की पुढचे कुतूहल आपोआप तयार होते.

पुढील चार मिनिटे घड्यांची. पट्टी एकदा मध्यावर, मग पुन्हा मध्यावर दुमडून चार भाग करावेत आणि एक भाग रंगवावा. पट्टीच्या मागील बाजूवर आणखी एक घडी घालून आठ भाग करावेत आणि त्यांतील एक रंगवावा. मी येथे चार आणि आठ मुद्दाम निवडले आहेत. तीन किंवा पाच सारख्या भागांची घडी घालण्यातच वर्गाची पाच मिनिटे जातात आणि पाठ अपूर्णांकांचा न राहता घड्यांचा होतो. साधन निवडताना असा विचार करावाच लागतो.

नंतरची दोन मिनिटे नियम शब्दांत मांडण्यासाठी ठेवावीत. ‘भाग वाढले तर एकेका भागाचे काय झाले?’ असे विचारून विद्यार्थ्यांकडून वाक्य घ्यावे, त्यांच्या वाक्यातील ढिलेपणा त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा आणि मग फलकावर लिहावे: ‘एकाच पूर्णाचे जितके जास्त सारखे भाग, तितका प्रत्येक भाग लहान.’ यातील ‘एकाच पूर्णाचे’ आणि ‘सारखे’ हे शब्द गाळू नयेत. त्यांचे महत्त्व प्रश्न १५ मध्ये दिसेल.

त्यापुढील चार मिनिटांत सराव. आधी १/६ आणि १/९, मग १/३ आणि १/१०, शेवटी १/७, १/२, १/५ उतरत्या क्रमाने. या वेळी शिक्षकाने फलकापाशी न थांबता बाकांमधून फिरावे आणि पहिल्या दोन मिनिटांत चुकलेल्यांच्या वह्या आधी पाहाव्यात.

उरलेल्या तीन मिनिटांत शेवटचा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवावा: ‘१/१२ हा १/९ पेक्षा मोठा आहे, कारण १२ हा ९ पेक्षा मोठा आहे, असे एकाने लिहिले. त्याला चित्र काढून समजावून सांगा.’ हा प्रश्न नुसते मोठा-लहान ओळखण्याचा ठेवला असता, तर अंदाजाने लिहिलेले उत्तरही निम्म्या वेळा बरोबर आले असते. कारण विचारले की अंदाज उघडा पडतो.

या पंधरा मिनिटांपैकी जवळपास अकरा मिनिटे विद्यार्थ्यांचे हात किंवा लेखणी चालू आहे. विषय बदलला तर मिनिटे मागेपुढे होतील. पण विद्यार्थी स्वतः करत आहेत असा वेळ निम्म्याहून कमी भरत असेल, तर टाचण पुन्हा लिहावे.

७. प्रस्तावना आकर्षक असावी असे सांगतात. गोष्ट, गाणे, चित्र यांपैकी काय घ्यावे?

या तिन्हींपेक्षा प्रश्न बरा. लहान पाठातील प्रस्तावनेची कामे दोनच: आधीचे आवश्यक ज्ञान जागे करणे आणि नव्या मुद्द्याची गरज निर्माण करणे. यांपैकी एकही काम न करणारी गोष्ट कितीही रंजक असली, तरी ती पाठाबाहेरची आहे. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका सराव पाठात मी सावल्यांवरची एक गोष्ट रंगवून सांगितली होती. वीसपैकी अकरा मिनिटे तिच्यात गेली, आणि पाठ संपल्यावर ‘आज काय शिकलात?’ या निरीक्षकांच्या प्रश्नाला वर्गाने मोठ्या आनंदाने ती गोष्टच सांगितली. तेव्हापासून पाठाच्या एकूण वेळेच्या सहाव्या भागाहून अधिक वेळ मी प्रस्तावनेला देत नाही.

८. हर्बार्टची पंचपदी अजूनही वापरावी का?

वापरावी, पण तिच्याकडे तपासणीची यादी म्हणून पाहावे. योहान फ्रिडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांनी स्वतः स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती असे चार टप्पे सांगितले होते. त्यांचे अनुयायी त्सिलर आणि राइन यांनी ते वाढवून शाळेच्या पाठासाठी पाच केले. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या नावांनी आपण त्यांना ओळखतो. प्रश्न ६ मधील पाठ या क्रमाने तपासला तर पाचही पदे त्यात सापडतात, तरी पाठ लिहिताना त्यांची नावे घ्यावी लागलेली नाहीत.

पंचपदीची मर्यादा अशी की, ज्या पाठातून एखादा नियम किंवा संकल्पना निघायची आहे, त्या पाठाला ती चांगली बसते. कवितेचे रसग्रहण, अक्षर वळणदार काढणे, प्रयोगाचे साहित्य हाताळणे अशा पाठांत ‘सामान्यीकरण’ ओढूनताणून आणू नये.

९. टाचण किती लांब असावे?

वर्गात नेण्याचे टाचण एका पानाचे असावे: शेवटचा प्रश्न, तीन-चार मुख्य प्रश्न शब्दशः, प्रत्येक टप्प्याची वेळ आणि फलकाचा आराखडा. तपासणीसाठी ठरावीक नमुन्यातील सविस्तर टाचण मागितले जात असेल, तर ते निराळे लिहावे. दोन्ही कामे एकाच कागदावर करायला गेल्यास वर्गात पाने उलटण्यात वेळ जातो.

१०. प्रश्न विचारल्यावर किती थांबावे? शांतता पसरली की मला घाबरायला होते.

किमान तीन सेकंद थांबावे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासली, तेव्हा शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे आढळले. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणण्याचे प्रमाण घटले आणि एरवी गप्प राहणारे विद्यार्थीही बोलू लागले. त्यांनी दोन ठिकाणी थांबण्याविषयी लिहिले आहे: प्रश्नानंतर, आणि विद्यार्थ्याचे उत्तर आल्यानंतर. दुसरे थांबणे आपण नेहमी विसरतो. उत्तर येताच ‘शाब्बास’ म्हटले की बाकीच्यांचा विचार तेथेच थांबतो.

लहान पाठात वेळ कमी असल्याने थांबणे परवडत नाही, असा आक्षेप येतो. हिशेब करून पाहावा: दहा प्रश्नांना प्रत्येकी तीन सेकंद धरले, तरी एकूण अर्धे मिनिट होते.

११. तेच तेच तीन-चार हात वर येतात. बाकीच्यांना कसे बोलते करावे?

हात वर करण्याची पद्धत लहान पाठातून शक्यतो काढून टाकावी. प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारावा, थांबावे आणि मग नाव घ्यावे. नाव आधी घेतले तर उरलेला वर्ग सुटीवर जातो. महत्त्वाच्या प्रश्नांना सर्वांनी एकाच वेळी लिहून दाखवणे सर्वांत उत्तम. ज्याला उत्तर आले नाही, त्याला सोडून पुढे गेल्यास दोन विद्यार्थ्यांनंतर पुन्हा त्याच्याकडे यावे आणि ऐकलेले उत्तर त्याच्या शब्दांत विचारावे. असे दोन-तीन पाठ झाले, की ‘येत नाही’ म्हणून सुटका होत नाही हे वर्गाला कळते, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

१२. फलकलेखन आणि स्लाइड, दोन्ही लागतात का?

एक पुरे. फलकावर पाठ वाढत जाताना दिसतो, म्हणून लहान पाठाला मी फलकच निवडतो. स्लाइड वापरायच्याच असतील, तर त्यांच्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवू नये. एकच शब्द एकाच वेळी वाचावे आणि ऐकावे लागले तर लक्ष विभागले जाते. फलकाचा आराखडा आधी कागदावर काढावा आणि मुख्य वाक्य पाठ संपेपर्यंत पुसू नये.

१३. एवढ्या कमी वेळात गटकार्य शक्य आहे का?

जोडीचे काम शक्य आहे, गटाचे सहसा नाही. चार-पाच जणांचा गट बसवणे, कामे वाटणे आणि नंतर प्रत्येक गटाचे सादरीकरण ऐकणे यांतच दहा मिनिटे जातात. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत येथे उपयोगी पडते: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग वर्गापुढे सांगणे. तिला तीन मिनिटे पुरतात. पहिला टप्पा मात्र गाळू नये. तो गाळला की जोडीतील हुशार विद्यार्थी बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. एकट्याने केलेला विचार दोन शब्दांत का होईना, लिहून घ्यावा.

१४. वर्गात पातळ्या फार वेगवेगळ्या आहेत. एकच लहान पाठ सर्वांना कसा पुरेल?

उद्दिष्ट एकच ठेवावे आणि आधार बदलावा. प्रश्न ६ मधील सरावात ज्यांना अजून पट्टी लागते, त्यांनी पट्टी समोर ठेवून करावे. ज्यांना लागत नाही, त्यांनी २/५ आणि २/७ यांची तुलना करून कारण लिहावे. ‘पुढे गेलेल्यांना’ त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे देऊ नयेत. ती शिक्षा वाटते, आणि विद्यार्थी मुद्दाम हळू काम करू लागतात. सर्वांसाठी तीन निरनिराळी टाचणे लिहिण्याचा सल्लाही दिला जातो, पण पंधरा मिनिटांत एका शिक्षकाने तीन पाठ चालवणे मला तरी कधी जमलेले नाही.

१५. मध्येच एखाद्याने चांगला पण पाठाबाहेरचा प्रश्न विचारला, तर काय करावे?

आधी तो खरोखर पाठाबाहेरचा आहे का, ते पाहावे. अपूर्णांकांच्या पाठात एखादा विचारतो, ‘माझी पट्टी छोटी आणि त्याची खूप मोठी असेल, तर त्याचा १/८ माझ्या १/४ पेक्षा मोठा होईल ना?’ हा प्रश्न पाठाच्या गाभ्यातला आहे. त्याची पट्टी दुपटीहून लांब असेल तर तसे होईलच, आणि म्हणूनच नियमात ‘एकाच पूर्णाचे’ हे शब्द आहेत. यासाठी सरावातील एक उदाहरण खुशाल सोडून द्यावे.

प्रश्न खरोखरच दूरचा असेल, तर तो फलकाच्या एका कोपऱ्यात विचारणाऱ्याच्या देखत लिहावा आणि कधी घेणार ते सांगावे. सांगितलेल्या वेळी तो घेतला नाही, तर पुढच्या वेळी कोणी विचारत नाही.

१६. वेळ संपत आली आणि पाठ अर्धाच झाला आहे. काय गाळावे?

शेवटचा प्रश्न गाळू नये. सरावातील उदाहरणे कमी करावीत, तोंडी संकलन (शेवटी मुद्दे एकत्र करून सांगणे) सोडावे, गृहपाठ न दिला तरी चालेल. पण शेवटची तीन मिनिटे राखून ठेवावीत. अर्धा झालेला पाठ घाईने पूर्ण केल्यास तो शिक्षकापुरताच पूर्ण होतो. मुद्दाच अपुरा राहिला असेल, तर झालेल्या भागापुरता शेवटचा प्रश्न सोपा करून विचारावा. कोणता भाग वगळता येईल याची खूण टाचणातच आधी करून ठेवावी, कारण घड्याळाकडे पाहत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

१७. आणि पाठ पाच मिनिटे आधीच संपला तर?

नवा मुद्दा सुरू करू नये. शेवटच्या प्रश्नाची दोन निनावी उत्तरे, एक अचूक आणि एक जवळपास अचूक, फलकावर लिहून त्यांतील फरक वर्गाला शोधायला सांगावा. हा वेळ सत्कारणी लागतो, आणि कित्येकदा तोच पाठातील सर्वांत चांगला भाग ठरतो.

१८. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निम्म्या वर्गाचे चुकले. पाठ फसला असे समजावे का?

माहिती मिळाली असे समजावे, आणि चुकांचे दोन ढीग करावेत. बहुतेकांची चूक एकाच प्रकारची असेल, तर सादरीकरणात काहीतरी राहिले आहे. पुढचा पाठ तोच मुद्दा निराळ्या उदाहरणाने घेण्यासाठी वापरावा. तेच शब्द अधिक मोठ्या आवाजात पुन्हा बोलून उपयोग होत नाही. चुका विखुरलेल्या असतील, तर पूर्वज्ञान कच्चे असण्याची शक्यता अधिक, आणि तेव्हा एक पायरी मागे जावे लागते.

शक्य असल्यास असा एक तपास प्रश्न पाठाच्या मध्यावर, सराव सुरू होण्यापूर्वीही ठेवावा. एका मिनिटात सर्वांची उत्तरे दिसतील आणि प्रत्येक चुकीचा पर्याय वेगळा गैरसमज दाखवेल, असा तो बहुपर्यायी असावा. पुढे जायचे की मागे वळायचे, हे त्या एका प्रश्नावर ठरते. असा प्रश्न तयार करायला अर्धा तास लागू शकतो, पण तो पुढे वर्षानुवर्षे कामी येतो.

१९. हेतुकथन (आज काय शिकणार हे वर्गाला सांगणे) नेहमी सुरुवातीलाच करावे का? काही पाठांत त्यामुळे मजाच जाते.

शंका रास्त आहे. ज्या पाठात विद्यार्थ्यांनी नियम स्वतः शोधायचा आहे, त्यात ‘आज आपण पाहणार आहोत की भाग वाढले की प्रत्येक भाग लहान होतो’ असे म्हणणे म्हणजे कोड्याच्या आधी उत्तर सांगणे होय. अशा वेळी हेतुकथनात निष्कर्ष न सांगता प्रश्न सांगावा: ‘कोणता अपूर्णांक मोठा, हे चित्र न काढता ओळखता येईल का, ते आज शोधू.’ दिशा कळते आणि शोधही उरतो. कवितेच्या पाठात पहिले वाचन होईपर्यंत हेतुकथन लांबवले तरी चालते.

याला जोडूनच आणखी एक प्रश्न येतो: शोधू द्यावे की आधी करून दाखवावे? विद्यार्थी त्या विषयात अगदी नवखे असतील आणि रीत अनेक पायऱ्यांची असेल, तर आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण दाखवणे अधिक फलदायी ठरते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत हे दाखवून दिले. पुढील अभ्यासांतून असेही दिसले की, विद्यार्थी तरबेज होत गेले की तीच सोडवलेली उदाहरणे त्यांना उपयोगी पडेनाशी होतात. म्हणून दीर्घ भागाकाराची रीत दाखवावी, आणि घड्यांमधून सहज दिसणारा नियम शोधू द्यावा.

२०. मोठ्या घटकाचे लहान पाठ पाडले, की विद्यार्थ्यांना तुकडेच आठवतात, सलगता येत नाही. यावर उपाय काय?

दोन उपाय करावेत. पहिला: घटक नियोजनात दर चार-पाच लहान पाठांनंतर एक पाठ नव्या मुद्द्याशिवाय ठेवावा आणि त्यात आधीच्या मुद्द्यांची निवड करायला लावणारी मिश्र उदाहरणे घ्यावीत. कोणती रीत कोठे वापरायची, हे ओळखणे हेच त्या पाठाचे उद्दिष्ट.

दुसरा: प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला दोन मिनिटे मागील पाठांवरचे प्रश्न वही मिटून सोडवायला द्यावेत. एक प्रश्न कालचा, एक मागील आठवड्याचा. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की, विस्मरण सुरुवातीला फार वेगाने होते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत उतारा आठवून लिहिणारे पुढे गेले. ही दोन मिनिटे प्रश्न ७ मधील प्रस्तावनेचे पहिले कामही करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. त्यांना गुण मात्र देऊ नयेत.

२१. निरीक्षक वर्गात बसणार असतील, तर पाठात काय बदलावे?

रचनेत काहीही बदलू नये. निरीक्षकांना टाचणाची प्रत आणि शेवटचा प्रश्न आधीच द्यावा, म्हणजे ते शिक्षकाऐवजी विद्यार्थ्यांकडे पाहू शकतात. पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी तोच पाठ घेऊन ठेवण्याची क्लृप्ती सर्वांनाच ठाऊक असते, निरीक्षकांनाही. प्रश्न संपण्यापूर्वीच उत्तरे येऊ लागली की ती उघडी पडते.

२२. तयार मिळालेले किंवा संगणकाकडून लिहून घेतलेले टाचण वापरले तर चालेल का?

कच्चा मसुदा म्हणून चालेल. त्यातील तीन गोष्टी स्वतः बदलल्याशिवाय मात्र ते वर्गात नेऊ नये: पूर्वज्ञानाचे गृहीतक, उदाहरणांतील आकडे किंवा वाक्ये, आणि शेवटचा प्रश्न. तयार टाचण लिहिणाऱ्याला आपला वर्ग माहीत नसतो. काल तेथे कोणती चूक झाली होती, हेही माहीत नसते. शिवाय त्यातील प्रत्येक उदाहरण आधी स्वतः सोडवावे. तयार टाचणातील एका क्रमवारीत दोन अपूर्णांक समान निघाले, हे मला फलकापाशी उभे असताना एका विद्यार्थिनीने दाखवून दिले होते.